पातळ कॅमेऱ्याचा उत्तरार्ध

कॅसिओचा एक्झिलिम ईएक्स-एस१ हा कॅमेरा २००२ साली आला. जाडी ११.३ मिलिमीटर, वजन ८५ ग्रॅमच्या आसपास, लांबी-रुंदी जवळपास एटीएम कार्डाएवढी आणि फोटो सव्वा मेगापिक्सेलचा. याहून चांगले फोटो काढणारे डिजिटल कॅमेरे त्या वर्षीही बाजारात भरपूर होते. पण ते खांद्याला अडकवून न्यावे लागत, आणि खिशात घातलेच तर खिसा फुगे. ईएक्स-एस१ शर्टाच्या खिशात जाई आणि तिथे आहे हेही विसरायला होई. पुढची दहा वर्षं कॅनन, सोनी, निकॉन, पेंटॅक्स, मिनोल्टा, पॅनासॉनिक, कोडॅक, सॅमसंग हे सगळेच जाडी कमी करण्याच्या मागे लागले. आपल्याकडे सायबर-शॉटच्या जाहिरातीत दीपिका पदुकोण दिसू लागली, कूलपिक्ससाठी प्रियांका चोप्रा आली, आणि कोकणातल्या कितीतरी घरांत आखातातून सुट्टीवर आलेल्या मामा-काकांच्या बॅगेतून असा एकेक कॅमेरा उतरला.

तेच कॅमेरे आता कपाटांतून बाहेर निघताहेत. कॉलेजातली मुलं त्यांना 'डिजिकॅम' म्हणतात, आईकडे मागतात, मिळाला नाही तर सेकंडहँड शोधतात. असा कॅमेरा घ्यावा का, त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवावी आणि तो किती काळ टिकेल, याचं उत्तर बहुतेक जण मेगापिक्सेलच्या आकड्यात शोधतात. माझ्या मते ते जाडीच्या आकड्यात आहे. जाडी कमी करताना कारखान्याने काय काय काढून टाकलं हे कळलं, की कॅमेरा कुठे चांगला चालेल, कुठे दगा देईल आणि अखेर कशाने बंद पडेल, हे आपोआप कळतं.

सगळ्यात मोठी अडचण लेन्सची होती. झूम लेन्समध्ये भिंगांचे दोन-तीन गट असतात आणि ते एकमेकांपासून पुढे-मागे सरकायला जागा लागते. कॅमेरा बंद केल्यावर ही सगळी नळी आत गुंडाळायची, तर पेटी निदान तेवढी जाड हवी. कॅसिओने ईएक्स-एस१ मध्ये यातून सरळ सुटका करून घेतली. झूम नाही, फोकस कायमचा ठरलेला, काही हलतच नाही. मिनोल्टाने त्याच वर्षाच्या सुरुवातीला आणलेल्या डिमाज एक्समध्ये जास्त डोकं लावलं. समोरून आलेला प्रकाश लोलकाने काटकोनात खाली वळवला आणि झूमची भिंगं कॅमेऱ्याच्या उंचीच्या दिशेने, उभी बसवली. कॅमेरा २० मिलिमीटर जाड, झूम तीन पट, आणि चालू केल्यावर बाहेर काहीच येत नाही. तिसरी युक्ती पेंटॅक्सची. २००३ च्या ऑप्टिओ एसमध्ये लेन्स आत जाताना तिचा मधला भिंगगट बाजूला सरकतो, वर जाऊन बसतो, आणि उरलेले गट एकमेकांजवळ येतात. पेपरमिंटच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत हा कॅमेरा मावतो, असं पेंटॅक्स कौतुकाने दाखवत असे, आणि तो खरंच मावायचा. कॅसिओने हीच सरकती लेन्स स्वतःच्या ईएक्स-झेड३ मध्ये वापरली.

नंतर जे काही झालं ते या तीन युक्त्यांवरचे सुधारित प्रयोग. कॅसिओने २००४ च्या ईएक्स-एस१०० मध्ये काचेऐवजी पारदर्शक सिरॅमिकचं भिंग घातलं. हे सिरॅमिक प्रकाशाला काचेहून जास्त वाकवतं, त्यामुळे भिंग पातळ करता येतं. सोनीने २००३ च्या टी१ पासून मिनोल्टाची लोलकाची वाट धरली, वर सरकतं झाकण बसवलं, आणि २००५ च्या टी७ मध्ये सगळ्यात पातळ जागी जाडी ९.८ मिलिमीटरवर आणली. 'सगळ्यात पातळ जागी' हे शब्द नीट वाचायला हवेत. जाड जागी तो १५ मिलिमीटरच्या आसपास आहे, आणि खिशाला जाणवते ती जाड जागा. कोडॅकच्या २००६ च्या व्ही५७० मध्ये तर दोन लेन्स होत्या, एक रुंद कोनाची आणि एक झूमची. तेव्हा अनेकांना हा विचित्रपणा वाटला. आज ज्या फोनमध्ये दोन-तीन लेन्सचे डोळे आहेत आणि लांबच्या झूमसाठी आत आडवा लोलक बसवलेला आहे, त्यांची वंशावळ व्ही५७० आणि डिमाज एक्सपर्यंत जाते. म्हणजे ज्या फोनने हे कॅमेरे संपवले, त्यानेच त्यांची हुशारी उचलली.

आता किंमत कशात मोजली ते बघू. पहिली किंमत सेन्सरमध्ये. लेन्स लहान हवी तर सेन्सर लहान हवा. या कॅमेऱ्यांत सर्रास सापडणारा १/२.५ इंची म्हणवला जाणारा सेन्सर प्रत्यक्षात ५.८ बाय ४.३ मिलिमीटरचा असतो. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फ्रेमचं क्षेत्रफळ त्याच्या सुमारे ३५ पट आहे. एवढ्याशा तुकड्यावर जो प्रकाश पडतो तेवढ्यात भागवायचं. शिवाय घडी घातलेल्या, म्हणजे लोलकाने वळवलेल्या, लेन्सचं तोंड रुंद करता येत नाही. सोनीच्या टी मालिकेत लेन्स सगळ्यात उघडी असतानाही एफ/३.५ च्या पुढे जात नाही, झूम केल्यावर आणखी मंद होते. दिवाणखान्यात ट्यूबलाइटच्या उजेडात असा कॅमेरा शटर १/८ किंवा १/१५ सेकंद उघडं ठेवतो, आणि आरतीला टाळ्या वाजवणारी मुलं धुरकट होतात.

दुसरी गोष्ट मेगापिक्सेलची. दुकानदाराला विकायला आकडा हवा होता म्हणून तेवढ्याच सेन्सरवर ३ चे ५, ५ चे ८, ८ चे १२ आणि पुढे १४-१६ मेगापिक्सेल कोंबले गेले. भौतिकशास्त्र मात्र कंपन्यांच्या स्पर्धेत भाग घेत नाही. बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, आणि एफ/४ ला हिरव्या प्रकाशाचा एक बिंदू सेन्सरवर साधारण ५.४ मायक्रॉनचा ठिपका होऊन पडतो. १२ मेगापिक्सेलच्या अशा सेन्सरवर एकेक पिक्सेल दीड मायक्रॉनचा आहे. एका ठिपक्यात तीन-साडेतीन पिक्सेल ओळीने बसतात, तेव्हा जास्तीचे पिक्सेल एकच धूसर गोष्ट पुन्हा पुन्हा मोजत राहतात. म्हणून २००८ नंतरचा १२ मेगापिक्सेलचा सडपातळ कॅमेरा २००५ च्या ५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याहून चांगला असेलच असं नाही. पुष्कळदा त्याचा फोटो मोठा करून पाहिल्यावर जलरंगात भिजवल्यासारखा दिसतो, कारण आतलं सॉफ्टवेअर दाणेदारपणा पुसता पुसता पापण्या आणि पदराची किनारही पुसून टाकतं. मला विचाराल तर ३ ते ६ मेगापिक्सेलचे कॅमेरे या जातीतले सर्वांत प्रामाणिक. फोटो स्टुडिओत चार बाय सहा इंचांची प्रत ३०० डीपीआयवर छापायला १८०० बाय १२०० पिक्सेल पुरतात, म्हणजे २१ लाख ६० हजार. ३ मेगापिक्सेलमध्ये ती छापून वर थोडं उरतं.

तिसरी किंमत हाताला कळते. बटणं तांदळाच्या दाण्याएवढी, धरायला कड नाही, आणि घडीच्या लेन्सच्या कॅमेऱ्यांत लेन्स वरच्या कोपऱ्यात असल्यामुळे डाव्या हाताचं बोट फोटोत शिरतं. ईएक्स-एस१ ला निदान डोळा लावून बघायची खिडकी होती. सोनीच्या टी१ मध्ये ती गेली आणि मागे अडीच इंची पडदा आला. दुकानात मोठा पडदा मोहक वाटतो, पण मे महिन्याच्या दुपारी राजगडावर त्यात काहीही दिसत नाही आणि फोटो अंदाजाने काढावा लागतो.

आता त्या बहुचर्चित रंगांकडे. जुन्या कॅमेऱ्यांत सीसीडी सेन्सर आहे, नव्यांत सीमॉस, आणि सीसीडीचे रंग 'फिल्मसारखे' येतात, असं आज ठासून सांगितलं जातं. जुन्या मॉडेलच्या किमती वाढण्यामागे ही एक समजूत बरीच आहे. यात अर्ध सत्य आहे. सीसीडी आणि सीमॉस यांतला फरक मुळात प्रकाशामुळे साठलेला विद्युतभार बाहेर कसा काढला जातो, याचा आहे. सीसीडीत तो एका ओळीतून दुसऱ्या ओळीत ढकलत कडेला नेतात, सीमॉसमध्ये प्रत्येक पिक्सेलपाशीच मोजतात. सेन्सरला स्वतःला रंग कळत नाहीत, दोन्ही प्रकारांत नाहीत. रंग ठरतो पिक्सेलांवर बसवलेल्या लाल, हिरव्या, निळ्या गाळण्यांवरून आणि कंपनीच्या अभियंत्यांनी जेपेग बनवण्यासाठी लिहिलेल्या गणितावरून. २००५ च्या कॅमेऱ्यात हे गणित साधं होतं. आकाश थोडं जास्त निळं करायचं, त्वचा जरा तांबूस ठेवायची, सावली काळी पडली तर पडू द्यायची. आजचा फोन एका फोटोसाठी अनेक फोटो काढून त्यांची सरासरी करतो, सावल्या उजळतो, चेहरे वेगळे ओळखून सारवतो. माणसांना कंटाळा आला आहे तो या सारवण्याचा. त्यावर उतारा म्हणून सीसीडीचंच नाव घ्यायची गरज नाही. सोनीचा २००९ चा टीएक्स१ सीमॉसचा आहे, आणि दिवसाउजेडी त्याचे फोटो बघून कुणी सेन्सर ओळखून दाखवावा. सीसीडीची खरी खूण वेगळीच आहे. दिवा किंवा सूर्य पडद्यावर आला की त्यातून वर-खाली जांभळट उभी रेघ उमटते. व्हिडिओत ती हटकून दिसते.

'तो जुना लुक' म्हणतात त्यातला निम्मा वाटा मी फ्लॅशला देईन. या कॅमेऱ्यांत झेनॉन वायूची नळी असते आणि ती अतिशय थोडा वेळ, बहुधा सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी, पण जोरात चमकते. फोनमधला एलईडी दिवा तिच्यापुढे मिणमिणता आहे. झेनॉनमुळे समोरची व्यक्ती गोठते, कपाळ चकाकतं, मागची भिंत अंधारात जाते. लग्नातल्या संगीताला, ढोल-ताशा पथकासमोर, लेझीम खेळताना हा फ्लॅश उपयोगी पडतो. त्याची पोच दोन-तीन मीटर आहे, एवढं मात्र विसरू नये. स्टेडियमच्या वरच्या रांगेतून मारलेला फ्लॅश पुढच्या माणसाची मान उजळतो, खेळपट्टी नाही. ढोल-ताशा पथकासमोर मात्र 'नाइट पोर्ट्रेट' किंवा 'स्लो सिंक्रो' नावाचा मोड लावून बघावा. शटर जास्त वेळ उघडं राहतं, मागच्या रोषणाईचे दिवे रेघांसारखे ओढले जातात आणि जवळचा वादक फ्लॅशने गोठतो. हा परिणाम फोनवर मिळवायला बरीच खटपट लागते.

जाडी कमी झाल्याचा परिणाम फ्लॅशवरही झाला. फ्लॅश लेन्सला अगदी चिकटून बसला, म्हणून डोळ्याच्या मागच्या पडद्यावरून परतलेला लाल प्रकाश थेट लेन्समध्ये येतो आणि सगळं कुटुंब लाल डोळ्यांचं दिसतं. धुळीचंही तसंच. जोतिबाच्या यात्रेत किंवा विसर्जनाच्या मिरवणुकीत गुलाल उधळलेला असताना फ्लॅश मारला, की हवेतल्या कणांवरून प्रकाश परततो आणि फोटोभर पांढरट, गोल, धूसर चकत्या उमटतात. पावसाच्या थेंबांनीही त्या येतात. जगभर पुष्कळ लोकांनी या चकत्यांना आत्मे ठरवलं. आपल्याकडेही अशा फोटोंसमोर हात जोडणारे मी पाहिले आहेत. फ्लॅश बंद करून दुसरा फोटो काढला की आत्मा जागेवरून नाहीसा होतो.

वापराची बाकी सूत्रं साधी आहेत. उन्हात हे कॅमेरे उजळ भाग पटकन जाळतात. पांढरा सदरा किंवा ढग एकदा कोरा पांढरा झाला की नंतर काही परत आणता येत नाही. म्हणून एक्सपोजर कायम उणे १/३ किंवा उणे २/३ वर ठेवावं. आयएसओ आपोआप वाढू देऊ नये, १०० किंवा २०० वर बांधून टाकावा आणि कमी पडलेला उजेड फ्लॅशने किंवा कठड्यावर कॅमेरा टेकवून भरून काढावा. डिजिटल झूम मेनूत जाऊन बंदच करावा. शटर अर्धं दाबून फोकस आधी धरून ठेवण्याची सवय मात्र लावावीच लागते. बटण पूर्ण दाबल्यापासून फोटो निघेपर्यंत जो वेळ जातो त्यात सूर मारणारा मुलगा पाण्यात गेलेला असतो. कॅननच्या जुन्या इक्सस आणि पॉवरशॉटवाल्यांना आणखी एक वाट आहे. सीएचडीके नावाची हौशी प्रोग्रामरांनी बनवलेली प्रणाली कार्डावरून चालते, कॅमेऱ्याचं मूळ सॉफ्टवेअर बदलत नाही आणि ज्या कॅमेऱ्यात रॉ फाइलची सोय नव्हती त्यात ती आणते. ज्याला मेनूशी खेळायला आवडतं त्याने जरूर बघावी. इतरांनी नादाला लागू नये.

हे कॅमेरे मरतात कसे, हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा भाग. सेकंडहँड घेणाऱ्याने आधी हाच समजून घ्यावा.

२००५ च्या ऑक्टोबरात अचानक एकापाठोपाठ एक कंपन्यांनी जाहीर करायला सुरुवात केली, की आमच्या काही मॉडेलांत फोटो जांभळट, वेडेवाकडे किंवा पूर्ण काळे येऊ शकतात. कॅनन, निकॉन, फुजी, कोनिका मिनोल्टा, ऑलिम्पस, रिको आणि स्वतः सोनी, सगळ्यांचं दुखणं एकच निघालं. सोनीने बनवलेल्या काही सीसीडींच्या पॅकेजमधल्या बारीक तारांचे जोड गरम आणि दमट हवेत सुटत होते. बाधित कॅमेरे मुख्यतः २००२ ते २००४ या काळातले. कंपन्यांनी तेव्हा ते फुकट दुरुस्त करून दिले, ती सोय केव्हाच संपली. गरम आणि दमट हवा म्हणजे आमच्या रत्नागिरी, मालवण, पणजीची बारमाही हवा. किनारपट्टीवर राहिलेला त्या काळातला कॅमेरा घेताना हे लक्षात ठेवावं. ओळखायची खूण सोपी आहे. मेनू आणि जुने फोटो पडद्यावर स्वच्छ दिसतात, पण समोरचं दृश्य जांभळ्या लाटांसारखं किंवा काळं दिसतं. मग तो कॅमेरा शोकेसमध्ये ठेवायचा.

त्याच दमटपणाचं दुसरं अपत्य म्हणजे बुरशी. मोठ्या कॅमेऱ्याची लेन्स उघडून पुसता येते, या कॅमेऱ्यांची नाही. पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या किंवा कापडी पाउचमध्ये महिनोन्‌महिने ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. हवाबंद डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, एवढं पुरतं. पुड्यांतले मणी ओले होऊन त्यांचा रंग बदलला की त्या गरम करून पुन्हा वापरता येतात.

बाहेर येणाऱ्या लेन्सचा शत्रू वाळू. गणपतीपुळ्याच्या किंवा कळंगुटच्या वाळूचा एक कण नळीच्या फटीत गेला की मोटर कुरकुरते, लेन्स अर्ध्यात अडकते आणि पडद्यावर 'लेन्स एरर' येतो. कॅननच्या सुरुवातीच्या कॅमेऱ्यांत हाच रोग 'ई१८' या नावाने कुप्रसिद्ध होता. गुलालही हेच करतो. इथे मिनोल्टा आणि सोनीची घडीची लेन्स वरचढ ठरते, कारण तिचं हलणारं सगळं काचेच्या आड आहे. समुद्रकाठी राहणाऱ्याने किंवा यात्रांत फिरणाऱ्याने याच जातीचा कॅमेरा शोधावा, असं माझं स्पष्ट मत आहे. अंधारात तो थोडा मागे पडतो, पण वीस वर्षांनी चालू तरी असतो.

पण सेन्सर, बुरशी, वाळू यांच्या आधी बहुतेक कॅमेरे निकामी होतात ते बॅटरी, चार्जर, कार्ड आणि केबल या चौघांपैकी एकामुळे. पातळ पेटीत साधे पेन्सिल सेल मावत नाहीत, म्हणून प्रत्येक कंपनीने आपापल्या आकाराची चपटी लिथियम-आयन बॅटरी काढली. लिथियम-आयन वापरली नाही तरी म्हातारी होते. दहा-पंधरा वर्षं रिकामी पडलेली बॅटरी इतकी खाली गेलेली असते की चार्जर तिला ओळखतच नाही. कधी ती फुगते आणि खाचेत घट्ट बसते. अशी बॅटरी स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नये, आग लागू शकते. कॅननच्या एनबी-४एलसारख्या लोकप्रिय बॅटऱ्यांच्या इतर कंपन्यांनी बनवलेल्या प्रती आजही मिळतात. त्यांच्यावर छापलेला मिलीअँपिअरचा आकडा मात्र फार मनावर घेऊ नये. कमी खपलेल्या मॉडेलच्या बॅटऱ्या मिळत नाहीत. काही कॅमेऱ्यांचं चार्जिंग कंपनीच्या खास पाळण्यातच होत असे, तो पाळणा घर बदलताना हरवलेला असतो. अशा वेळी फक्त बॅटरी बाहेर काढून चार्ज करणारा वेगळा चार्जर मिळतो का, ते आधी बघायचं आणि मग कॅमेऱ्याचा भाव विचारायचा. क्रम हाच.

कार्डाचं प्रकरण थोडं गुंतागुंतीचं आहे. मूळ एसडी कार्ड २ जीबीपर्यंतचं. २००६ मध्ये एसडीएचसी हा नवा प्रकार आला, ३२ जीबीपर्यंतचा. दोन्ही दिसायला सारखी, त्यामुळे २००४ च्या कॅमेऱ्यात आजचं ३२ जीबीचं कार्ड आरामात बसतं आणि कॅमेरा सांगतो 'कार्ड एरर'. दुकानात टेस्टिंग करताना निम्मे लोक इथेच कॅमेरा खराब म्हणून परत ठेवतात. २ जीबीचं साधं एसडी घालून बघावं. ५ मेगापिक्सेलचा एक फोटो अडीच एमबीचा धरला तरी त्यात आठशेच्या आसपास बसतात, आणि बॅटरी त्याच्या कितीतरी आधी संपते. सोनीने २०१० पर्यंत स्वतःची मेमरी स्टिक रेटली. तिच्या ड्युओ आकारात मायक्रोएसडी बसवणारे अडॅप्टर मिळतात आणि पुष्कळ कॅमेऱ्यांत चालतात. ऑलिम्पस आणि फुजीने २००२ मध्ये आणलेलं एक्सडी कार्ड मात्र खरंच अडगळीत गेलं. तेही २ जीबीलाच थांबलं, नवं बनत नाही आणि जुन्याचे भाव मागेल ते. एक्सडीचा कॅमेरा कार्डासकट मिळत असेल तरच घ्यावा.

मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात फोटोच्या सामानाची दुकानं अजून आहेत, पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, आणि बाकी सगळा व्यवहार फोनवरच्या खरेदी-विक्रीत गेला आहे. कुठेही घ्या, जाताना आपली चार्ज केलेली बॅटरी आणि दोन प्रकारची कार्डं घेऊन जावं. कोऱ्या भिंतीचा एक फोटो काढला की सेन्सरवरची धूळ दिसते. रात्रीच्या आकाशाकडे किंवा मुठीत लेन्स झाकून एक फोटो काढला की जळालेले पिक्सेल दिसतात. झूम तीन-चार वेळा आत-बाहेर करून कॅमेरा कानाजवळ धरावा, मोटर कुरकुरली तर नमस्कार करावा. फ्लॅश दोनदा लागोपाठ चमकतो का, बॅटरीच्या झाकणाची खुंटी शाबूत आहे का, तेही बघावं. ही खुंटी प्लास्टिकची असते आणि तुटली की कॅमेरा रबरबँडवर जगतो. पडद्यावरच्या ओरखड्यांकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल, त्यांचा फोटोशी काही संबंध नाही.

या सगळ्या धडपडीमागचा बाजार किती बदलला आहे ते आकड्यांत दिसतं. जपानच्या कॅमेरा उद्योगाची संघटना 'सीपा' हिच्या नोंदींप्रमाणे २०१० मध्ये १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर गेले, आणि त्यांतले दहापैकी नऊच्या आसपास न बदलणाऱ्या लेन्सचे, म्हणजे कॉम्पॅक्ट वर्गातले होते. २०२३ मध्ये त्या वर्गाचा आकडा १७ लाखांच्या आसपास आला. कोनिका मिनोल्टा २००६ मध्येच या धंद्यातून बाहेर पडली होती, कॅसिओने २०१८ मध्ये कॉम्पॅक्ट कॅमेरे बंद केले. आता मागणी पुन्हा थोडी वाढली आहे म्हणताना कॅननने २०२५ मध्ये आपलं २०१६ चं एक मॉडेल पुन्हा काढलं, मोठ्या एसडीऐवजी मायक्रोएसडी कार्ड घालून. त्यात सीमॉस सेन्सर आहे, तरी तरुण मंडळी घेताहेत. ज्यांना वॉरंटी हवी त्यांनी ते घ्यावं, पण तेवढ्या पैशांत जुने चार कॅमेरे येतील आणि त्यातले दोन तरी चालतील, हाही हिशोब करून बघावा.

कॅमेरा चालू झाला आणि फोटोही निघू लागले, की एक शेवटचं काम उरतं, आणि ते बहुतेक जण करत नाहीत. कॅमेऱ्याच्या आत घड्याळ चालू ठेवणारा एक छोटा सेल किंवा कपॅसिटर असतो. तो मेला की बॅटरी काढताच तारीख पुसली जाते, आणि नवे फोटो बहुधा कॅमेरा ज्या वर्षी बनला त्या वर्षाच्या १ जानेवारीच्या तारखेने नोंदले जातात. फोनमध्ये टाकल्यावर यंदाची दिवाळी वीस वर्षं मागे जाऊन बसते. बॅटरी घातली की आधी तारीख लावावी. राहिलंच तर काढलेल्या फोटोंतला फरक सारखाच असतो, त्यामुळे संगणकावर सगळ्यांच्या तारखा एकदम पुढे सरकवता येतात. फोटो मात्र केबलने उतरवण्याच्या भानगडीत पडू नये. टी७ सारख्या कॅमेऱ्याला त्यासाठी एक वेगळा जोडतुकडा लागे, आणि तो आज सापडणं कठीण. कार्ड-रीडर घेऊन थेट कार्डावरून उतरवावेत, व्हिडिओ फोनवर चालत नसतील तर व्हीएलसीत उघडावेत, आणि कार्ड नेहमी कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावं, संगणकावर नाही. फाइलींची नावं चार आकड्यांची असतात. ९९९९ नंतर पुन्हा ०००१ येतो, आणि एकाच फोल्डरमध्ये ओतलेत तर नवा फोटो जुन्यावर चढतो. म्हणून प्रत्येक वेळी उतरवताना वर्ष आणि महिना घालून वेगळा फोल्डर करावा.